विद्यार्थी उपग्रहासाठी हौशी रेडिओ वारंवारतेचा समन्वय कसा साधावा

नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात क्यूबसॅट, म्हणजे छोटा घनाकृती उपग्रह, बांधायचे ठरले, की चर्चा कॅमेरा, बॅटरी आणि प्रक्षेपण यांभोवती फिरते आणि वारंवारतेचा विषय, म्हणजे उपग्रहाने कोणती रेडिओ वारंवारता वापरावी आणि ती इतरांशी जुळवून कशी घ्यावी हा प्रश्न, शेवटी उरतो. हा क्रम बदलावा, अशी आग्रहाची सूचना आहे. उपग्रह मराठवाड्यात बांधला तरी तो साऱ्या पृथ्वीवरून फिरणार असतो आणि त्याच्या ट्रान्समीटरचा उपद्रव झाला तर तो अनेक देशांतील हॅमना, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालकांना, होतो. म्हणून रेडिओ संच विकत घेण्यापूर्वीच पुढील काम हाती घ्यावे.

सर्वप्रथम आपला उपग्रह खरोखर हौशी सेवेत बसतो का, हे प्रामाणिकपणे तपासावे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार हौशी सेवा ही स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक संशोधन यांसाठी असते आणि तीत आर्थिक हितसंबंध चालत नाही. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतांतील ओलाव्याची माहिती गोळा करून ती विमा कंपनीला विकण्याचा बेत असेल, तर तो उपक्रम कितीही उपयुक्त असला तरी त्याने हौशी पट्टा मागू नये. त्यासाठी वेगळ्या सेवेचा परवाना लागतो. याउलट पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ उपग्रह, जो 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने कक्षेत गेला, हॅम केंद्रांमध्ये संदेश पोहोचवण्यासाठी होता आणि हा उद्देश हौशी सेवेला थेट धरून आहे. संदेशाचा अर्थ लपवणारे कूटलेखनही या सेवेत करता येत नाही. अपवाद फक्त उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या नियंत्रण आज्ञांचा आहे.

उद्देश ठरल्यावर जबाबदार परवानाधारक हॅम शोधावा. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन, शाखेकडून मिळतो. प्राध्यापकांपैकी कोणी परीक्षा देण्यास तयार असेल तर उत्तमच, कारण विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि उपग्रह वर राहतो.

त्यानंतर पट्टा निवडावा. लहान उपग्रहांसाठी 145.8 ते 146 मेगाहर्ट्झ आणि 435 ते 438 मेगाहर्ट्झ हे पट्टे नेहमीचे आहेत. पहिला अवघा 200 किलोहर्ट्झ रुंद असून त्यात गर्दी आहे. दुसऱ्यात जागा अधिक आहे, पण तेथे हौशी उपग्रहांनी इतर सेवांना त्रासदायक व्यत्यय आणता कामा नये. अर्जात ठरावीक आकड्याचा हट्ट धरण्यापेक्षा पट्टा, मॉड्युलेशन (माहिती रेडिओ लहरीवर चढवण्याची पद्धत), डेटाचा वेग आणि लागणारी रुंदी नेमकी सांगावी. 437 मेगाहर्ट्झवर डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, वारंवारता दोन्ही बाजूंना सुमारे 10 किलोहर्ट्झ सरकते, हेही हिशोबात धरावे.

आता लिंक बजेट मांडावे, म्हणजे संकेताची शक्ती कोठे किती उरते याचा हिशोब करावा. 500 किलोमीटर उंचीवरील उपग्रह डोक्यावर असताना 437 मेगाहर्ट्झवर मार्गातील क्षय सुमारे 139 डेसिबल असतो. तोच क्षितिजापासून पाच अंश वर असताना अंतर 2,000 किलोमीटरच्या पुढे जाते आणि क्षय 151 डेसिबलपेक्षा अधिक होतो. मराठवाड्याच्या पठारावर क्षितिज बऱ्याच ठिकाणी मोकळे आहे, हा भूकेंद्रासाठी मोठाच फायदा आहे. मात्र वीज खंडित झाली तरी केंद्र चालू राहील अशी सोय हवी, कारण ट्रान्समीटर बंद करण्याची आज्ञा तेथूनच जायची असते. व्यत्यय तत्काळ थांबवता यावा म्हणून पुरेशी आज्ञा-केंद्रे प्रक्षेपणापूर्वी उभी असावीत, असे रेडिओ नियम स्पष्ट सांगतात. दुसऱ्या गावातील एखाद्या हॅम क्लबशी तसा करार आधीच करून ठेवावा, असे मला वाटते.

हे सारे कागदावर आले, की आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या, म्हणजे आयएआरयूच्या, उपग्रह समन्वय मंडळाकडे अर्ज करावा. येथील सदस्य स्वयंसेवक असतात. अपुऱ्या अर्जामुळे त्यांचा वेळ वाया जातो आणि आपले महिने लांबतात. कक्षेची उंची व कल (विषुववृत्ताशी असलेला कोन), शक्ती, अँटेना, टेलिमेट्रीचे (उपग्रहाने खाली पाठवायच्या स्थितीच्या माहितीचे) स्वरूप, भूकेंद्रे आणि ट्रान्समीटर बंद करण्याची पद्धत, सर्व भरावे. मंडळाची संमती म्हणजे परवाना नव्हे. सरकारी प्रक्रिया डब्ल्यूपीसीमार्फत स्वतंत्रपणे चालते आणि तिच्यातूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे आगाऊ माहिती जाते. ही माहिती वापर सुरू होण्याच्या शक्यतो दोन वर्षे आधी पाठवावी, असे नियम सुचवतात. अवकाशातील कार्यासाठी इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अवकाश नियामक संस्थेची परवानगीही घ्यावी लागते, म्हणून हे अर्ज समांतर चालवावेत.

पुढे प्रक्षेपणयान किंवा कक्षा बदलली, तर मंडळाला आणि डब्ल्यूपीसीला लगेच कळवावे. टेलिमेट्रीचा तपशील उड्डाणापूर्वीच सर्वांसाठी खुला करावा, म्हणजे जगभरातील हॅम पहिल्या फेरीपासून बीकन, म्हणजे उपग्रहाचा ठरावीक काळाने येणारा ओळखसंकेत, ऐकून आपल्याला नोंदी पाठवू शकतील. आणि कार्यकाळ संपल्यावर ट्रान्समीटर कायमचा बंद करून तसे मंडळाला लेखी कळवावे, म्हणजे ती वारंवारता पुढच्या उपग्रहाला देता येईल.