एका कागदावर दोन हजार कागद

सातवीतली एक पोरगी दुकानात आली. "काका, वजन पेलणारा कागद द्या." विज्ञान प्रदर्शनासाठी हवा होता. मी मोठ्या शहाणपणाने 250 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारी, कार्डशीट काढून दिली. दुसऱ्या दिवशी ती परत दारात, शीट प्रत्येक घडीवर तडकलेली. जाड कागदात तंतूंना आडवी घडी पडली की असंच होतं, आणि चिपळुणात वीस वर्षं झेरॉक्स मारूनही मला ते आधी सुचलं नाही.

मग दुपारी गिऱ्हाईक नसताना मीच बसलो. झेरॉक्सचाच 80 जीएसएमचा ए-फोर, वजन जेमतेम 5 ग्रॅम.

घडी मिउराची. कोर्यो मिउरा हे जपानी अंतराळ अभियंते. 1995 साली सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट या जपानी उपग्रहावर सौर पॅनेल उलगडायला ही घडी वापरली होती. तिथे पॅनेल कमी जागेत मावायला हवं होतं. आपण ती अर्धवट मिटलेलीच ठेवायची, म्हणजे आत तिरक्या भिंती उभ्या राहतात.

कागद उभा धरून रुंदीत आठ सारखे भाग पाडा, एकेक पट्टी साधारण 2.6 सेंटिमीटर. पंख्यासारखा मिटा. हातात लांब जाड पट्टी येईल. तिचं खालचं टोक वर दुमडा, पण सरळ नको, किंचित तिरकं. मग तेवढ्याच अंतरावर, पहिल्या घडीला समांतर, उलट बाजूला दुमडा. असं टोकापर्यंत. आठ थर असतात, बाहेरचे थर सरकतात, म्हणून प्रत्येक घडीवर स्टीलच्या पट्टीची कड जोरात फिरवा.

आता सगळं उलगडा आणि नागमोडी रेषांवरच्या घड्या पुढेही मोडा, मागेही मोडा. हे टाळलंत तर पुढे कागद ऐकत नाही. कारण आत्ता एकाच नागमोडी रेषेवर एक तुकडा वर, एक खाली असा पडलेला असतो. आपल्याला अख्खी रेष वर हवी, शेजारची अख्खी खाली. एका कडेपासून चिमटीत धरत जा. चारपाच रेषा जमल्या की सरळ घड्या आपोआप उलटसुलट बसायला लागतात आणि अख्खा कागद एकदम आक्रसतो. माझा तिसऱ्या कागदाला आक्रसला. पहिले दोन रद्दीत.

वर परीक्षेचं पॅड ठेवलं आणि त्यावर कागदाची रिम. 80 जीएसएमची पाचशे कागदांची रिम अडीच किलो भरते. दुसऱ्याच रिमला घडी दोन्ही बाजूंना पसरली आणि भिंती झोपल्या. कागद फाटला नव्हता, फक्त पाय फाकले होते. मग दोन्ही अंगांना भरलेले खोके टेकवून वाट अडवली. एक, दोन, तीन, चार रिम. 10 किलो. पाचवीला मधला कोपरा कचकन बसला, नेमका तिथेच, जिथे चुकलेली घडी मी हाताने सपाट केली होती.

पावसाळ्यात करत असाल तर नुकत्याच फोडलेल्या रिममधला कागद घ्या. दुसरी घडी करून मी रात्रभर काउंटरवर उघडी ठेवली होती, सकाळी ती दोन रिमलाच दबली. ओल लागलेला कागद मशीनमध्येही फसतोच.

पोरगी संध्याकाळी आली, तिसरी घडी तिच्याकडूनच करून घेतली. जाताना कार्डशीटचे पैसे परत मागितले. दिले.