आइस्ड टीसाठी चहा निवडताना

दुधाच्या चहासाठी घरात जो डबा असतो, त्यातलीच पावडर उकळून, गाळून आणि बर्फात ओतून आइस्ड टी करण्याचा प्रयोग बहुतेक घरांत एकदा तरी होतो, आणि पेल्यात येते ते गढूळ, तुरट, साखर कितीही घातली तरी घशाला धरणारे पाणी. याचा दोष बर्फाला किंवा लिंबाला देण्यात अर्थ नाही. तो चहा ज्या कामासाठी तयार झालेला असतो ते काम वेगळे आहे, आणि दुधात जो चहा उत्तम लागतो तो गार, बिनदुधाच्या पेयात बहुधा सर्वांत वाईट लागतो, एवढे लक्षात घेतले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

आपल्याकडे दाणेदार किंवा ममरी म्हणून जो चहा मिळतो तो सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीचा असतो. 1930 च्या दशकात आसामात रुजलेल्या या पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि गोळीसारखी वळवली जातात, त्यामुळे गरम पाण्यात पडताच दोन मिनिटांत दाट रंग आणि भरपूर कडकपणा उतरतो. दुधातले केसिन हे प्रथिन चहातल्या पॉलिफिनॉल्सना, म्हणजे तुरट द्रव्यांना, बांधून ठेवते, म्हणून तो कडकपणा दुधाच्या चहात सुखद वाटतो. दूध काढून घेतले की तुरटपणाला धरून ठेवणारे कोणी उरत नाही. त्यात भर म्हणजे गार पेयात जिभेला गोडी कमी जाणवते आणि सुगंधही कमी दरवळतो, तुरटपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो. म्हणून आइस्ड टीसाठी चहा शोधताना मुळात तुरटपणा कमी असलेला आणि गार झाल्यावरही ज्याचा सुवास टिकतो असा चहा हवा. हे दोन्ही गुण बहुधा ऑर्थोडॉक्स पद्धतीच्या, म्हणजे पान न फाडता फक्त वळून तयार केलेल्या, मोठ्या पानाच्या चहात सापडतात.

गढूळपणाचा प्रश्न

चव साधली तरी काचेच्या पेल्यात चहा कसा दिसतो, हा आइस्ड टीच्या बाबतीत दुय्यम मुद्दा नाही. गरम असताना स्वच्छ तांबूस दिसणारा चहा फ्रीजमध्ये ठेवल्यावर कधी कधी दुधाळ आणि धुरकट होतो. चहातले कॅफिन आणि पॉलिफिनॉल्स गरम पाण्यात विरघळलेले असतात, पण पाणी थंड होऊ लागले की ते एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण तयार करतात आणि ते कण पाण्यात तरंगत राहतात. चहाच्या व्यवसायात याला क्रीम येणे म्हणतात. चहा परीक्षकांच्या दृष्टीने ते दमदार चहाचे लक्षण आहे आणि उत्तम आसाम चहात ते हमखास दिसते. असा चहा पिण्यास काहीही अपाय नसतो, मात्र पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या पेल्यात तो शोभत नाही.

चहा जितका दाट काढावा आणि पाणी जितके जड, म्हणजे क्षारयुक्त, असावे तितका हा गढूळपणा वाढतो, कारण पाण्यातले कॅल्शियम या कणांना जोडण्यास मदत करते. ज्यांच्याकडे कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते त्यांनी आधी पाण्याकडे पाहावे आणि मग चहाला नावे ठेवावीत. गरम चहावर तेलकट, पांढुरकी साय दिसत असेल तर पाणी जड आहे असे बहुधा समजावे. अशा घरात फिल्टरचे पाणी वापरल्याने जो फरक पडतो तो महागडा चहा आणूनही पडत नाही. तयार चहा गढूळ झालाच, तर त्यात थोडे उकळते पाणी घालून ढवळल्यास तो बराच निवळतो.

अमेरिकेत प्यायल्या जाणाऱ्या चहापैकी बहुतांश चहा गार प्यायला जातो, आणि तिथले व्यापारी अर्जेंटिनाचा चहा मोठ्या प्रमाणात घेतात तो त्याच्या चवीपेक्षा गार झाल्यावर टिकणाऱ्या स्वच्छ रंगासाठी. त्या देशात गार चहाच्या प्रसाराचे श्रेय अनेकदा 1904 च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिंडन यांना दिले जाते. उकाड्यात गरम चहाला कोणी विचारीना, तेव्हा त्यांनी तो बर्फावरून दिला, अशी ती कथा आहे. लोकप्रियतेला त्यामुळे हातभार लागला असेल, पण व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या 1879 सालच्या एका पुस्तकात गार चहाची कृती आधीच आलेली होती, आणि ती हिरव्या चहाची होती.

कोणत्या भागाचा चहा घ्यावा

एकच चहा आणायचा असेल तर तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगराळ भागाचा ऑर्थोडॉक्स काळा चहा आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुन्नूर, कोटागिरी आणि उटीच्या परिसरातल्या या चहाची गार झाल्यावरही स्वच्छ राहण्याबद्दल जुनी ख्याती आहे. रंग तेजस्वी, तुरटपणा बेताचा आणि वास फुलांकडे झुकणारा असल्यामुळे लिंबू, पुदिना, आले किंवा फळांचा रस यांपैकी काहीही त्यात सहज मिसळते. तिथे वर्षभर पाने खुडली जातात, पण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत, रात्री दहिवर पडून गोठण्याच्या काळात तयार होणारा, फ्रॉस्ट टी या नावाने विकला जाणारा चहा विशेष सुगंधी असतो. दार्जिलिंगच्या मानाने निलगिरीच्या चहाची किंमत बरीच कमी असते, आणि लिटरच्या हिशेबाने करण्याच्या पेयासाठी ही गोष्ट लहान नाही.

श्रीलंकेचा चहा हा दुसरा भरवशाचा पर्याय आहे. नुवारा एलिया भागातला चहा हलका व सुवासिक, तर डिंबुला भागातला थोडा भरीव असतो. लिंबू घालून पिण्यासाठी मला डिंबुलाचा अधिक योग्य वाटतो, कारण लिंबाच्या आंबटपणाखाली चहाची चव दबून जात नाही. लिंबाने काळ्या चहाचा रंग एकदम फिका होतो, तेव्हा चहा पातळ झाला असे समजून आणखी पावडर घालण्याचे कारण नाही. आम्लामुळे फक्त रंगद्रव्याची छटा बदलते.

दार्जिलिंगच्या बाबतीत थोडा विचार करावा. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहराचा चहा इतका नाजूक असतो की बर्फ, साखर आणि लिंबू यांच्या गर्दीत तो हरवतो, आणि तो विकत घेताना मोजलेले पैसे वाया जातात. तो घ्यायचाच असेल तर गार पाण्यात रात्रभर भिजवून, काहीही न घालता प्यावा. मे-जूनच्या दुसऱ्या बहरातल्या चहाचा द्राक्षांसारखा गंध मात्र थंडपणातही टिकतो. दार्जिलिंगच्या नावावर बाजारात बरेच काही खपवले जाते, म्हणून पाकिटावर टी बोर्डाचे, दोन पाने व कळी हातात धरलेल्या स्त्रीच्या आकृतीचे चिन्ह आहे का ते पाहून घ्यावे.

आसाम चहा गार आणि बिनदुधाचा प्यायचा असेल तर टाळलेला बरा. परंतु थंड दुधाचा चहा करायचा असेल, जसा थायलंडमध्ये दाट चहात आटवलेले गोड दूध घालून बर्फावर ओततात, तर तिथे आसामशिवाय पर्याय नाही आणि घरातला दाणेदार चहाही तिथे चालून जातो. दुधामुळे गढूळपणाचा प्रश्नच उरत नाही, आणि बर्फ व दूध या दोहोंना पुरून उरेल एवढी ताकद त्या चहात असते.

हिरव्या चहासाठी कांगड्याचा किंवा दार्जिलिंगचा मोठ्या पानाचा चहा पाहावा. वजन कमी करण्याच्या जाहिराती मिरवणाऱ्या पिशव्यांमध्ये बहुधा बारीक चुरा असतो आणि तो गरम पाण्यात पडताच कडू होतो. हिरव्या चहाशी पुदिना आणि काकडी चांगली जमते. दूध तर त्यात घालूच नये, आणि माझ्या मते साखरही टाळावी. ऊलाँग, म्हणजे काळ्या आणि हिरव्या चहाच्या मधला अर्धवट आंबवलेला चहा, आपल्याकडे महाग पडतो, पण तैवानमध्ये तो गार पाण्यात भिजवून पिण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ज्यांना साखरेशिवाय पेय हवे आहे त्यांनी एकदा तरी तो करून पाहावा. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या संत्र्यासारख्या वासाचा अर्ल ग्रे हा काळा चहा थंडपणी उत्तम लागतो, कारण तो वास तीव्र असतो.

मुलांसाठी किंवा संध्याकाळनंतर पिण्यासाठी कॅफिन नको असेल तर चहाच्या झुडपापासून दूर जावे लागते. लाल अंबाडीची वाळलेली बोंडे पाण्यात भिजवली की माणकासारखा लाल आणि आंबट अर्क मिळतो, आणि त्याला लिंबाची गरजच पडत नाही. गवती चहाची ताजी पात गाठ मारून उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे झाकून ठेवावी आणि मग गार करावी. निलगिरीच्या चहात अशी एक गाठ टाकली तरी लिंबाचे काम बऱ्याच अंशी होते.

दुकानात आणि घरात पारख

पाकिटावर ऑर्थोडॉक्स असा शब्द आहे का, हे पहिले पाहावे. त्यानंतर प्रतवारीची अक्षरे येतात. ओपी म्हणजे लांब पान, बीओपी म्हणजे तुटलेले पान आणि फॅनिंग्ज किंवा डस्ट म्हणजे चुरा. आइस्ड टीसाठी ओपी किंवा त्याच्या वरची प्रत घ्यावी. तुटलेले पान चालते, मात्र ते लवकर गाळून घ्यावे लागते. पीच किंवा लिंबाच्या स्वादाच्या तयार मिश्रणांत घटकांच्या यादीत पहिले नाव साखरेचे असते आणि चहा त्यानंतर बऱ्याच अंतराने येतो. त्याला सरबत म्हणून जरूर प्यावे, पण त्यावरून आइस्ड टीची परीक्षा करू नये.

सुटा चहा देणाऱ्या दुकानातून दोन-तीन प्रकार पन्नास-पन्नास ग्रॅम आणावेत आणि घरी एकाच वेळी तपासावेत. प्रत्येकाचे 2 ग्रॅम पान 200 मिलिलिटर गार पाण्यात घालून, पेले झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी गाळून, साखर किंवा लिंबू न घालता चव घ्यावी आणि पेला उजेडात धरून पाहावा. गरम काढून घेतलेल्या चवीवरून निर्णय घेणे हीच बहुतेकांची चूक असते, कारण गरम असताना जो चहा भारदस्त वाटतो तोच गार झाल्यावर तोंड कोरडे करतो.

निवडलेला चहा करण्याच्या दोन रीती आहेत. घाई असेल तर अर्धा लिटर पाण्यात 10 ते 12 ग्रॅम पान, काळ्या चहासाठी 90 ते 95 अंश सेल्सियसच्या पाण्यात तीन ते चार मिनिटे आणि हिरव्या चहासाठी 70 ते 80 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून गाळावे आणि अर्धा किलो बर्फावर ओतावे. गरम चहा पुरता गार होईपर्यंत जवळजवळ त्याच्याच वजनाचा बर्फ वितळतो, म्हणून चहा दुप्पट दाट काढावा लागतो. अधिक वेळ उकळून दाटपणा आणण्याचा मोह टाळावा, त्यासाठी पान वाढवावे आणि वेळ तोच ठेवावा. वेळ हाताशी असेल तर गार पाण्यात भिजवण्याची रीत केव्हाही सरस आहे. एक लिटर पाण्याला 8 ते 10 ग्रॅम पान घालून काळा चहा आठ ते बारा तास आणि हिरवा चहा चार ते सहा तास फ्रीजमध्ये ठेवावा. थंड पाण्यात कॅफिन आणि तुरट द्रव्ये कमी उतरतात, त्यामुळे चहा गोडसर लागतो आणि गढूळही क्वचितच होतो. बरणी उन्हात ठेवून चहा काढण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण कोमट पाण्यात जंतू वाढण्यास पुरेसा वेळ मिळतो.

साखर गार चहात सहज विरघळत नाही आणि तळाशी बसते, म्हणून समप्रमाण साखर-पाण्याचा पाक आधीच करून बाटलीत ठेवावा. मध वापरायचा असल्यास तो थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्यावा. गुळाने रंग काळपट होतो आणि निलगिरीसारख्या चहाचा सुवास झाकला जातो. लिंबाची फोड सालीसकट गरम चहात टाकून ठेवल्यास सालीचा कडवटपणा उतरतो, तेव्हा चहा गार झाल्यावर फक्त रस पिळावा.

तयार चहा झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांच्या आत संपवावा. कोरडे पान मात्र फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण ते आसपासचे वास आणि ओल दोन्ही ओढून घेते. मसाल्यांपासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ते ठेवावे. शंभर ग्रॅमच्या पाकिटात गार भिजवण्याच्या रीतीने दहा ते बारा लिटर आइस्ड टी होतो, तेव्हा मार्च ते जूनसाठी एका घराला अशी दोन-तीन पाकिटे सहसा पुरतात आणि ती एकदम न आणता एक संपत आल्यावर दुसरे आणावे.