क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. करायचंय? आधी वॉर्ड विचारा

प्रवेशाचे दिवस आले की मुलींचे फोन सुरू होतात. "ताई, कोणतं कॉलेज घेऊ?" मी उलट विचारते, वॉर्डात किती वेळ पाठवतात ते विचारलंस का? नागपुरात एलएडीसारख्या कॉलेजांमुळे गृहविज्ञान नवीन नाही, पण नुसत्या नावावर जाऊ नका. इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलात, डायलिसिस आणि आयसीयूत जाऊ देतात की फक्त किचनमध्ये ताटं मोजायला लावतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींकडून काढून घ्या. माहितीपत्रकात ते सापडत नाही.

बी.एस्सी. गृहविज्ञान किंवा फूड अँड न्यूट्रिशन असेल तर वाट सरळ. दुसरी पदवी असेल तर पात्रता त्या-त्या विद्यापीठात तपासा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायचं तर इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेच्या अटी पहिल्याच सत्रात वाचा, कारण इंटर्नशिप त्यांच्या नियमात बसायला हवी. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञही आलेत, त्यामुळे नोंदणीचे नियम बघत राहा.

बायोकेमिस्ट्री टाळू नका. रक्ताच्या रिपोर्टमधले क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिनचे आकडे बघून ताट ठरवता आलं नाही, तर डॉक्टर तुम्हाला राउंडला विचारणार नाहीत.

खरं कसब मात्र विचारण्यात आहे. पेशंटनं काल दिवसभरात काय खाल्लं, हे काढणं म्हणजे निम्मी पोलीसगिरी! काटोलकडचे एक काका, किडनीचा त्रास, पोटॅशियम वाढलेलं, आणि फळांत ते भरपूर. "फळं खातच नाही मॅडम." बरं, संत्री? "ती तर घरचीच आहे." घरचं त्यांच्या हिशेबात येतच नव्हतं! पुस्तकातला 'फळे' हा रकाना इथे कामाचा नाही. संत्री, केळी, नारळपाणी असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. मग वरणात तेल किती, जवसाच्या चटणीत मीठ किती, पोह्यांवर तर्री किती वेळा घेतली. आणि सावजीचं विचारताना चेहऱ्यावर नापसंती दिसू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. आलू सोडवत नसतील तर चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला सांगा. पोटॅशियम बरंच कमी होतं, संपत नाही.

याचा सराव घरीच करता येतो. किचनचा वजनकाटा घ्या. एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत 528 पदार्थ आहेत, पण बहुतेक कच्च्या स्वरूपात. आईच्या हातची पाटवडी त्यात मिळणार नाही. बेसन, तेल, तीळ सगळं मोजा, एका वडीचा हिशेब काढा, घरातली वाटी किती मिलीची तेही बघा. असे दहा-वीस घरगुती पदार्थ वहीत उतरवलेले असले की मुलाखतीला ती वही सोबत न्या.