कुत्र्याचा खुबा दुखतोय? घरी काय बघायचं, काय करायचं

खुबा दुखणारं कुत्रं क्वचितच कण्हतं. ते जेवतं, शेपूट हलवतं, फक्त उठायला वेळ लावतं. त्यामुळे पहिलं काम बघण्याचं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं का? जिन्याशी अडतं का? मागच्या मांड्या बारीक झाल्यात का? ही चाल मोबाइलवर टिपून ठेवा. दवाखान्यात भेदरलेलं कुत्रं बऱ्याचदा लंगडतच नाही, तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा. हिप डिसप्लेशिया या खुब्याच्या विकारात तो सैल राहतो, घासत राहतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात होतो. दोष मुळात आनुवंशिक. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत जास्त. खात्री एक्स-रेनेच होते आणि त्यासाठी कुत्र्याला गुंगी द्यावी लागते. त्याला घाबरू नका. एक्स-रे वाईट दिसला तरी कुत्रं मजेत चालत असू शकतं, म्हणून उपचार चालीकडे बघून ठरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. औषधांच्याही आधी मी हेच सांगेन. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता एकेक बरगडी लागली पाहिजे आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. जेवण अंदाजाने न वाढता काट्यावर मोजा, खाऊसुद्धा त्यातच धरा. एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्रॅडॉरच्या 24 जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला 25 टक्के कमी अन्न दिलं होतं. कमी खाणाऱ्यांचे सांधे उशिरा बिघडले आणि ती सरासरी जवळपास 2 वर्षं जास्त जगली. भरलेली वाटी म्हणजे माया, ही समजूत इथे कुत्र्याच्या पायांवर येते. मोठ्या जातीच्या पिल्लाला संपूर्ण आहार चालू असताना वरून कॅल्शियमची पावडरही देऊ नका. हाडांची वाढ त्याने बिघडते.

व्यायाम बंद करायचा नाही, स्नायूच सैल सांधा सावरतात. एकदम तासभर फिरवण्याऐवजी पट्ट्यावर थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा आणि रोज सारखंच. पोहणं उत्तम. चेंडूमागे धावून गर्रकन वळणं, उड्या मारणं टाळा.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर न सरकणाऱ्या चटया घाला, नखं आणि पंजातले केस कापा, गाडीत चढायला उतरती फळी ठेवा.

वेदनाशामक पशुवैद्यानेच द्यायचं. आपल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं दीर्घकाळ चालणार असतील तर यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी अधूनमधून लागते. उलटी, काळी शी किंवा जेवण बंद झालं तर गोळी थांबवून लगेच फोन करा.

एवढं करूनही त्रास राहिला तर शस्त्रक्रिया आहेत: हाडाचा माथा काढून टाकणं किंवा पूर्ण सांधा बदलणं. पिल्लाच्या बाबतीत मात्र वेळ फार थोडा असतो. वाटीची वाढ वळवणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण 5 महिन्यांच्या आतच करता येते. तेव्हा पिल्लू लंगडताना दिसलं तर 'मोठं झालं की सुधारेल' म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.