तान्हे बाळ आणि अडीच वर्षांचे थोरले: घरातल्या दिवसाची घडी कशी बसवावी

पहिल्या बाळाच्या वेळी आईवडील बाळ झोपले की झोपतात, ते उठले की उठतात आणि घरातल्या बाकीच्या वेळा काही महिने बाजूला ठेवतात. दुसऱ्या बाळाच्या वेळी ही सोय राहत नाही, कारण घरात दीड ते तीन वर्षांचे आणखी एक मूल असते. त्याला ठरल्या वेळी भूक लागते, ठरल्या वेळी झोप येते आणि या वेळा हुकल्या की त्याचा सारा दिवस बिघडतो. म्हणून दुसऱ्या बाळाची तयारी करताना एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: पहिले दोन-तीन महिने दिवसाची घडी थोरल्याच्या वेळांवर बसवायची आणि बाळाला त्या घडीत सामावून घ्यायचे.

हे ऐकायला उफराटे वाटते, कारण नाजूक तर बाळ असते. पण नवजात बाळाच्या गरजा वारंवार उद्भवणाऱ्या असल्या तरी साध्या असतात. ते चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि ८ ते १२ वेळा दूध पिते. थोरल्याच्या जेवणाच्या वेळी ते पाळण्यात होते की बाबांच्या खांद्यावर होते, याने त्याचे काही बिघडत नाही. भूक लागली की दूध, ओले झाले की कोरडे लंगोट आणि जवळ कोणाची तरी ऊब एवढे त्याला मिळाले की पुरते. थोरल्याचे तसे नसते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांनंतर १० ते १३ तास. ‘थोड्या वेळाने’, ‘उद्या’, ‘काही दिवसांनी’ या शब्दांचा अर्थ त्याला पुरता लागत नाही. जेवणानंतर झोप, झोपेनंतर बाहेर फिरणे, अंघोळीनंतर गोष्ट अशा क्रमावरच त्याचा विश्वास असतो. आई काही दिवस दिसली नाही, परतली ती बाळाला घेऊन आणि घरातला प्रत्येक माणूस थकलेला, अशा वेळी निदान हा क्रम तरी टिकला पाहिजे. सगळाच टिकवणे कोणालाही शक्य नसते. दुपारची झोप, संध्याकाळचे बाहेर जाणे आणि रात्रीची गोष्ट अशा दोन-तीन गोष्टी निवडाव्यात आणि घरातील सर्वांनी त्या मात्र सहसा हुकू देऊ नयेत.

बाळ येण्यापूर्वी

मोठे बदल बाळाच्या जन्माच्या आगेमागे करू नयेत. थोरल्याला वेगळ्या पलंगावर झोपवायचे असेल, खोली बदलायची असेल, पाळणाघरात किंवा बालवाडीत घालायचे असेल, शी-शूची सवय लावायची असेल, तर ते दोन-तीन महिने आधी उरकावे किंवा बाळ येऊन घर स्थिरावेपर्यंत पुढे ढकलावे. नाही तर आपली जागा बाळाने घेतली, असा सरळ हिशेब ते मूल मांडते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब चुकीचाही नसतो.

बाळाविषयी सांगताना खरे सांगावे. ‘तुला खेळायला सोबती येणार आहे’ असे सांगितले की मूल खेळणाऱ्या सोबत्याची वाट पाहते आणि त्याच्या हाती येते झोपणारे, रडणारे गाठोडे. त्यापेक्षा ‘बाळ सुरुवातीला खूप रडेल, त्याला बोलता येणार नाही, आईला त्याला सारखे जवळ घ्यावे लागेल’ असे आधी सांगितलेले बरे. त्याचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो दाखवून ‘तुलाही असेच घेत होतो’ असे सांगितले की ते लवकर पटते. आई रुग्णालयात असताना त्याच्याजवळ कोण राहील, रात्री त्याला कोण झोपवेल हे नाव घेऊन सांगावे. पहिल्या भेटीच्या वेळी बाळ शक्यतो पाळण्यात असावे आणि आईचे हात मोकळे असावेत. बाळाकडे थोरले त्याच्या सवडीने वळेल, त्याला आग्रह करू नये.

दूध पाजण्याची वेळ

दिवसातले सर्वांत अवघड क्षण हेच. आई बाळाला पाजायला बसली की तिला उठता येत नाही, तिचे लक्ष दुसरीकडे आहे हे थोरल्याला दिसते आणि नेमक्या त्याच वेळी कपाट उघडले जाते, पाणी सांडले जाते, भिंतीवर रेघोट्या उमटतात. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमधील ४० कुटुंबांत दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून थोरल्या मुलांचे निरीक्षण केले होते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आई बाळात गुंतलेली असताना मुलांच्या खोड्या वाढतात असेच आढळले. तेव्हा ही आपल्याच मुलाची खोड आहे असे मानून चिडण्यात अर्थ नाही. ही वेळ दिवसातून अनेकदा येणारच, म्हणून तिची तयारी करून ठेवावी.

पाजायला बसण्यापूर्वी थोरल्याला शू करवून आणावी, पाणी प्यायला द्यावे, बाहेरचे दार लावून घ्यावे आणि ज्या खोलीत त्याला काही लागण्यासारखे नाही अशा खोलीत बसावे. खुर्चीपेक्षा जमिनीवरची बैठक किंवा रुंद पलंग बरा, कारण थोरल्याला आईला टेकून बसता येते. एका टोपलीत काही खेळणी, चित्रांची पुस्तके, जाड रंगखडू असे सामान ठेवावे आणि ती टोपली फक्त पाजतानाच बाहेर काढावी. एरवी हाती न लागणाऱ्या वस्तूचे अप्रूप टिकते. एक हात मोकळा असतो, तेवढ्यात पुस्तकाची पाने उलटता येतात. या वेळेला थोरल्याच्या गोष्टीची वेळ म्हणायला सुरुवात केली, तर काही दिवसांनी बाळ रडू लागताच थोरले स्वतःच पुस्तक घेऊन येते.

थोरले स्वतःच अंगावर पिण्याचा हट्ट धरू शकते, मग त्याचे दूध सुटून वर्ष झालेले असले तरीही. यात लाज वाटण्यासारखे किंवा रागावण्यासारखे काही नाही. पाजायचे नसेल तर शांतपणे नाही म्हणून जवळ घ्यावे. त्याला बहुतेक वेळा दुधापेक्षा ती जागा हवी असते. आणि थोरले अजून पीत असेल तर दोघांनाही पाजता येते, मात्र पहिल्या दिवसांत बाळाला आधी पाजावे. बाळाला पुरेसे दूध मिळते आहे का, हे लंगोटांवरून कळते: पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत निदान सहा ओली लंगोटे व्हायला हवीत. दोन मुलांच्या गडबडीत हा हिशेब डोक्यात राहत नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस तो कागदावर लिहून ठेवावा.

थोरले पुन्हा लहान होते तेव्हा

शी-शूची सवय झालेले मूल पुन्हा कपडे ओले करू लागते, बोबडे बोलते, बाटली मागते, रात्री उठून रडते, ‘मला उचल’ म्हणून अडून बसते. हे बहुतेक घरांत होते आणि काही आठवड्यांत ते ओसरते. या काळात ‘तू आता मोठा झालास ना’ हे वाक्य मात्र टाळावे. मोठे होण्याचा मोबदला म्हणून आईची मांडी गेली, असे ज्याला दिसते त्याला मोठे होण्यात काय गोडी वाटणार? बाटली मागितली तर एकदोनदा द्यावी, पांघरुणात गुंडाळून झुलवावे, खेळातले बाळ होऊ द्यावे. हौस फिटली की ते स्वतःच उठून पळते. शाबासकी द्यायची ती वयाची न देता कामाची द्यावी: ‘तू लंगोट आणून दिलेस म्हणून बाळ लवकर कोरडे झाले.’ मात्र कामे सांगताना त्याला मदतनीस करून टाकू नये. त्याला नको असेल तर लंगोट आपणच आणावे.

मारणे, चावणे, ओरबाडणे, मिठी मारता मारता दाबणे हेही घडते. त्यामुळे बाळ आणि थोरले यांना एका खोलीत क्षणभरही एकटे सोडू नये, थोरले कितीही गुणी असले तरी; दोन वर्षांच्या मुलाचे प्रेमही बाळाला इजा करू शकते. पंख्याखाली, पलंगावर, सोफ्यावर बाळ ठेवून दार उघडायला जाऊ नये. जायचेच असेल तर बाळाला सोबत घ्यावे किंवा थोरल्याला. हात उगारलेला दिसला की तो हलकेच पण घट्ट धरावा, ‘मारायचे नाही, बाळाला लागते’ एवढेच सांगावे आणि लगेच काय करायचे ते दाखवावे: पायाला हात लाव, तळव्यावर फुंकर घाल. सारखे ‘हात लावू नको’ ऐकणाऱ्या मुलाला बाळ ही निषिद्ध वस्तू वाटू लागते. ‘तुला बाळाचा राग आला आहे का?’ असे मोकळेपणाने विचारावे. रागाला शब्द मिळाला की हाताची गरज कमी होते.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचेच नीट दिसते. थोरल्याचा चेहरा तेवढ्या अंतरावर आणून ‘बघ, ते तुझ्याकडेच पाहते आहे’ असे दाखवावे. केंब्रिजच्या त्या अभ्यासात, ज्या घरांत आई सुरुवातीपासून थोरल्याशी बाळाविषयी बोलत असे, म्हणजे ते का रडत असेल, त्याला काय आवडत असेल याविषयी, त्या घरांतील भावंडे पुढे एकमेकांशी अधिक मायेने वागली असेही दिसले होते. हे करायला ना सामान लागते ना वेगळा वेळ.

दोघेही एकदम रडू लागले तर

आधी धोका पाहावा: कोणी पडले आहे, कोणाला लागले आहे, कोणाच्या तोंडात काही आहे का. तसे काही नसेल आणि बाळ भुकेने कळवळत नसेल, तर कधीकधी मुद्दाम थोरल्याकडे आधी जावे. आपल्याला एक मिनिट थांबावे लागले हे बाळ लक्षात ठेवणार नाही, थोरले ठेवील. त्याला ऐकू जाईल असे बाळाला सांगावे, ‘थांब हं बाळा, आता ताईची पाळी आहे.’ दिवसभर ‘बाळ झोपले आहे, हळू बोल’, ‘बाळासाठी थांब’ हेच ऐकणाऱ्या मुलाला या एका वाक्याने किती बरे वाटते हे पाहण्यासारखे असते.

मोठ्यांनी कामे कशी वाटून घ्यावीत

मदतीला आलेली माणसे साधारणपणे थोरल्याला फिरायला नेतात आणि आईला बाळापाशी ठेवतात. थोडा वेळ हे ठीक आहे, पण तीच रीत पडली तर आई बाळाची आणि बाकीचे आपले, असे थोरल्याला वाटू लागते. दिवसातून निदान एकदा उलट करावे: पाजून झाल्यावर बाबांनी, आजीने किंवा जे कोणी घरात असेल त्यांनी बाळाला घ्यावे, त्याची ढेकर काढावी, त्याला झोपवावे आणि आईने दहा-पंधरा मिनिटे फक्त थोरल्याबरोबर बसावे. फोन दूर ठेवावा, खेळ त्याने निवडावा आणि ही वेळ चांगल्या वागणुकीचे बक्षीस समजू नये. ज्या दिवशी त्याने घर डोक्यावर घेतले त्या दिवशी तर ती अजिबात चुकवू नये. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे सांगितले जाते. अशा वेळी थोरल्याला उचलण्याऐवजी आईने बसून त्याला स्वतः मांडीवर चढू द्यावे. बाळ पाहायला येणाऱ्यांनी आधी थोरल्याशी बोलावे, एवढी सूचना त्यांना दारातच देण्यात संकोच करू नये.

रात्रीची वाटणीही स्पष्ट असावी. थोरले उठले तर कोणी जायचे आणि बाळ उठले तर कोणी, हे झोपण्यापूर्वी ठरलेले असले की पहाटे तीन वाजताचे निम्मे वाद टळतात.

जपण्याच्या गोष्टी

बाळाला नेहमी पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर, उशी, जाड पांघरूण आणि मऊ खेळण्यांशिवाय, त्याच्या स्वतंत्र जागेत झोपवावे. थोरल्याच्या शेजारी झोपवू नये. थोरल्याचे मणी, गोट्या, खेळण्यांचे सुटे भाग आणि विशेषतः बटणासारखे चपटे सेल दोघांच्याही हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते, म्हणून नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. बाहेरून आल्यावर थोरल्याचे हात धुवावेत आणि त्याला सर्दी असेल तर पापा पायाचा घ्यायला शिकवावे. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, ते दूध पीत नसेल किंवा उठवूनही सुस्त राहत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि तीन-चार महिन्यांनी कमी होते. रडणे असह्य झाले, हात थरथरू लागले, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. बाळाला कधीही गदागदा हलवू नये, त्याने मेंदूला इजा होते. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणे, मन हळवे होणे सामान्य आहे. त्यानंतरही उदासी टिकली, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, मुलांविषयी काही वाटेनासे झाले, तर हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि तो वडिलांनाही होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

चौथ्या महिन्याच्या सुमारास घर बरेच सुरळीत होते आणि सारे मार्गी लागले असे वाटू लागते. पण बाळ रांगू लागले की दुसरी फेरी सुरू होते, कारण आता ते थोरल्याचे मनोरे पाडते आणि त्याची खेळणी तोंडात घालते. त्याआधीच थोरल्यासाठी बाळाचा हात पोचणार नाही असे एक टेबल किंवा कप्पा ठरवून द्यावा, आणि ‘दे रे, ते लहान आहे’ असे म्हणून त्याच्या हातातली वस्तू काढून घेण्याची सवय घरातल्या कोणालाच लागू देऊ नये.