कोरियाची फाळणी: १९४३ ते ४८ चा टॉपिक तयार कसा करायचा

इंदूरच्या भंवरकुआला, म्हणजे कोचिंगवाल्या भागात, ज्या झेरॉक्स नोट्स मिळतात त्यात कोरिया म्हणजे एक पान, तारखांचा तक्ता, झालं. तो तक्ता पाठ करत बसू नका भिया. वही घ्या, दोन रकाने पाडा, एकात लिहा बैठकीला कोण होतं, दुसऱ्यात कोणाला बाहेर ठेवलं. दुसऱ्यात जवळजवळ दरवेळी कोरियनच येतील आणि मेन्सच्या (स्पर्धा परीक्षेच्या मुख्य लेखी पेपरच्या) उत्तराचा मुद्दा तोच आहे.

सुरुवात कैरोपासून करा, नोव्हेंबर १९४३. अमेरिकेचे रूझवेल्ट, ब्रिटनचे चर्चिल, चीनचे चँग काय-शेक बसले आणि जपानच्या ताब्यातला कोरिया "योग्य वेळी" स्वतंत्र होईल म्हणाले. चीनमधल्या चुंगकिंगमध्ये कोरियनांचं परागंदा हंगामी सरकार होतं, त्यांना कोणी बोलावलं नाही.

मग शाळेचा ॲटलास काढा आणि ३८ अंश उत्तर अक्षांशाची रेघ पेन्सिलने ओढा, सोल तिच्या जरासंच खाली येतं ते बघा. रशियन फौजा कोरियात शिरल्या होत्या, अमेरिकन अजून पोचलेच नव्हते, म्हणून १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री रस्क आणि बोनस्टील या दोन अमेरिकन अफसरांनी सोल आपल्याकडे राहील अशी रेघ सुचवली, स्टॅलिनने हरकत घेतली नाही. रेघ फक्त जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची एवढ्यापुरती होती, हे वाक्य उत्तरात हवंच.

आता डिसेंबर १९४५ ची मॉस्को परिषद. इथे वेळ घालवा, बाकी सगळं पटापट झालं तरी चालेल. ठरलं असं की कोरियाचं हंगामी सरकार बनवायचं आणि अमेरिका, रशिया, ब्रिटन, चीन यांनी जास्तीत जास्त पाच वर्षं देखरेख ठेवायची. या देखरेखीविरुद्ध सोलमध्ये लोक रस्त्यावर आले, कम्युनिस्टही आधी विरोधातच होते, जानेवारी ४६ मध्ये अचानक बाजूने झाले. मार्चमध्ये अमेरिका-रशियाचा संयुक्त आयोग बसला तर रशियन म्हणाले देखरेखीला विरोध करणाऱ्यांशी सल्लामसलत करायची नाही, अमेरिकन म्हणाले मग उरणार कोण, फक्त डावे! मे मध्ये बंद, ४७ ला परत सुरू, परत तिथेच अडकलं. माझ्या मते कोरिया रेघेने नाही, या भांडणाने तुटला.

त्यानंतर अमेरिकेने प्रकरण युनोत नेलं. नोव्हेंबर १९४७ मध्ये युनोने कोरियातल्या निवडणुकीवर लक्ष ठेवायला आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले मुत्सद्दी के. पी. एस. मेनन, हा भारताचा धागा सोडू नका, पुष्कळ पोरं सोडतात. रशियाने आयोगाला उत्तरेत येऊ दिलं नाही, मग जिथे जाता येतं तिथेच मतदान घ्या असं फेब्रुवारी ४८ मध्ये ठरलं, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा विरोध असूनही. एप्रिलमध्ये दक्षिणेतले नेते किम गू आणि किम क्यू-सिक उत्तरेशी बोलणी करायला प्योंगयांगला गेले होते, त्याचंही एक वाक्य टाका, कारण कोरियन स्वतः काय करत होते ते परीक्षकाला दिसलं पाहिजे. १० मे ला दक्षिणेत निवडणूक, १५ ऑगस्टला तिथलं सरकार, ९ सप्टेंबरला उत्तरेतलं.

उत्तर इथेच थांबवा. १९५० चं युद्ध आणि आपल्या जनरल थिमय्यांचा युद्धकैद्यांचा आयोग वेगळ्या पानावर घ्या, २५० शब्दांत दोन्ही बसवायला गेलात तर मॉस्को परिषद एका ओळीत उरकावी लागेल.