टाकीवरच्या नावाला भुलू नका: जुन्या मोटरसायकलचं साल आणि मॉडेल ओळखताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी यामाहाची एक जुनी आरएक्स १०० घेतली. विकणारा म्हणाला, "भाऊ, ८५ ची आहे, पहिल्या लॉटची. अशी परत मिळायची नाही." काळी टाकी, कोरी स्टिकरं आणि तो आवाज. मी पाघळलो. महिन्याभरात इंजिन खोलायची वेळ आली. नाशिकच्या द्वारकेजवळच्या आमच्या मिस्त्रींनी मी आणलेला नवा पिस्टन ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये, सोडला, तर तो आत खुळखुळायला लागला. पिस्टन ५० मिलिमीटरचा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५८ चा! "भाऊ, ब्लॉक १३५ चा आहे," एवढंच बोलून मिस्त्रींनी पोराला चहा सांगायला पाठवलं.

आरएक्स १०० चं बोअर ५० आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, तीही ५०, म्हणून ती ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच, बोअर मात्र ५८, म्हणून १३२ सीसी. स्ट्रोक सारखाच असल्याने ही अदलाबदल गॅरेजमध्ये सर्रास चालते. चेसिस नंबर पाहिला तर सुरुवात १एल१ ने, म्हणजे सांगाडा खऱ्या आरएक्स १०० चा. आरसी बुकात उत्पादनाचं साल १९९१. आरएक्स १०० १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, तेव्हा माझी गाडी पहिल्या लॉटची नव्हे, ऐन मधली निघाली. यात कुणी मला लुबाडलं असं नाही म्हणणार. आरसी बुक माझ्या हातात होतं, मीच नीट वाचलं नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. जे पान्याने निघतं त्याच्यावर विश्वास शेवटी. जे ठोकलंय किंवा ओतलंय ते आधी बघायचं. टाकी, मडगार्ड, मीटर, सायलेन्सर, साइड पॅनल हे सगळं तीस-चाळीस वर्षांत कितीदा बदललं असेल याचा हिशेब मालकालाही नसतो. टायरवरच्या चार आकड्यांवरून साल सांगणारेही भेटतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, हे बरोबर आहे, पण ते टायरचं वय झालं, गाडीचं नव्हे.

पासिंगची तारीख म्हणजे गाडीचं साल नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आरसी बुकावर दोन वेगळ्या गोष्टी असतात: उत्पादनाचा महिना-साल आणि नोंदणीची, म्हणजे पासिंगची, तारीख. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूममध्ये उभी राहून एप्रिलमध्ये पास झाली, तर कागदावर एक वर्ष पुढे सरकतं. पार्ट मागवताना उपयोगी पडतं ते पहिलं साल, आणि आपण सांगतो दुसरं.

आपल्याकडे देवळाली कॅम्पमुळे लष्करी लिलावातल्या बुलेटच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. अशा गाडीची नागरी नोंदणी फौजेतली नोकरी संपल्यावर झालेली असते, त्यामुळे पासिंगवरून तिचं वय काढाल तर ती बरीच तरुण वाटेल. नंबर प्लेटचंही तसंच. नाशिकची एमएच १५ अशी मालिका १९८९ नंतरची. १९८२ च्या गाडीवर एमएच १५ दिसलं तर ती खोटी असं नाही. तिला नंतर नवा नंबर मिळाला असणार. मालेगावचं एमएच ४१ पुढे वेगळं झालं, त्यामुळे मालेगावातली जुनी गाडीही एमएच १५ असू शकते.

नंबर वाचताना घाई

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. त्यावर तीस वर्षांचं ग्रीस, धूळ आणि तीन थर रंग. लोक सरळ तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावतात. अजिबात नको. नंबरभोवती धातू घासल्याची खूण दिसली की पुढचा माणूस, मग तो गिऱ्हाईक असो की आरटीओचा निरीक्षक, पहिली शंका तुमच्यावर घेतो. रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश आणि थोडा धीर एवढं पुरतं. मग पातळ कागद नंबरवर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. पेठ रोडला आरटीओत कागद करताना जी पेन्सिलची छाप मागतात, तीच ही. डोळ्याला ३ दिसतो तो छापेत ८ निघतो, असं माझ्यासमोर दोनदा झालंय.

छाप हातात आली की अक्षरांची उंची आणि ओळ बघा. एखादा आकडा वाकडा, खोल किंवा वेगळ्या वळणाचा असेल तर सौदा थांबवा. आणि "पुसट झालाय, परत ठोकून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्याला हात लावू देऊ नका. ते आरटीओच्या परवानगीशिवाय करायचं काम नाही.

दहावं अक्षर सगळ्या गाड्यांना लावणं

चेसिस नंबरातलं दहावं अक्षर म्हणजे साल, असा मंत्र कुठूनतरी सगळ्यांना पाठ झालाय. तो चालतो १७ अक्षरी नंबरात, बजाजचा एमडी२ ने, हिरोचा एमबीएल ने किंवा रॉयल एनफिल्डचा एमई३ ने सुरू होतो तसल्या. तिथे दहाव्या जागी साधारणपणे ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, असं पुढे. आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत, तेव्हा ओ वाटतो तो शून्य समजा. आरएक्स १००, राजदूत, येझदी यांचे नंबर आखूड. त्यात दहावं अक्षर मोजणं म्हणजे पत्रिका नसताना ग्रह मांडणं.

नाव एक, गाडी दुसरी

जावा आणि येझदी इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण आजकाल जावाला भाव आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९७३ पासून येझदी नावाने येऊ लागल्या. म्हणून आरसीवर १९७८ आणि टाकीवर जावा असेल, तर टाकी किंवा बिल्ला दुसरीकडून आलाय.

राजदूत ३५० बद्दलही ऐकून ठेवा. १९८३ ला आलेल्या या गाडीचे दोन प्रकार: हाय टॉर्क साडेतीस बीएचपीचा, नंतरचा लो टॉर्क २७ चा. स्टिकरवरून कुणी हाय टॉर्कचे पैसे मागितले तर देऊ नका. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तोही मागाहून बसवलेला; आपल्याकडे ही गाडी ड्रम ब्रेकवरच विकली गेली.

बुलेटचं सोपं. उजव्या पायाला गिअर, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे जोडलेले, ही जुनी घडण. दोन्ही एकाच खोक्यात असतील तर ते यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिन, २००९ नंतरचं. कागद ८५ चा आणि पायाखाली यूसीई, तर प्रश्न विचारायलाच हवा. बजाजची पल्सर २००१ ला आली तेव्हा डीटीएसआय, म्हणजे दोन स्पार्क प्लगचं इंजिन, नव्हतं. ते २००३ ला आलं. २००२ च्या आरसीवर डीटीएसआयचं स्टिकर दिसलं तर पॅनल तरी बदललंय, नाहीतर इंजिन.

सध्या एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटीसाठी चेसिस आणि इंजिन नंबर ऑनलाइन नोंदीशी जुळवावे लागतात, म्हणून हे सगळं आत्ताच तपासलेलं बरं. जुनं आरसी बुक ऑनलाइन दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदाची ऑनलाइन नोंद, करून घ्या.

माझ्या गाडीत आरसीवर ९८ सीसी आणि आत १३२, हे मला रुचेना. मिस्त्रींनी चार महिन्यांत ५० बोअरचा जुना ब्लॉक मिळवून बसवला. काढलेला ब्लॉक गोणपाटात गुंडाळून त्यांच्या बाकाखाली ठेवलाय. परवा एक पोरगा आला, आरएक्स १०० घेऊन, त्याने विचारलं, "काका, हा विकायचा का?" मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.